ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे

प्रभूसाठी आपले अंगचे गुण वापरा, असे आवाहन मंडळीत झाले की बहुतेकांच्या मनात प्रथम गळा येतो आणि त्यापाठोपाठ वाणी. ज्याला गाता येते तो गायनवृंदात उभा राहतो, ज्याला बोलता येते त्याच्याकडे संदेश सोपवला जातो, आणि उरलेली माणसे, म्हणजे खरे तर मंडळीतील बहुसंख्य माणसे, आपल्याला देवाने सेवेजोगे काही दिलेलेच नाही अशी समजूत करून घेऊन बाकावर शांत बसून राहतात. ही समजूत मला फार दुःखद वाटते, कारण ती नम्रतेच्या रूपात येते आणि म्हणून तिला कोणी हटकत नाही. मला स्वतःला गाता येत नाही. चार लोकांसमोर उभे राहून बोलणेही माझ्या स्वभावात नाही. लहानपणापासून मला सहज जमत आले ते आकडे: लांबलचक बेरजेतील चूक नजरेला चटकन दिसते, विस्कळीत नोंदी लावून ठेवण्यात मनापासून आनंद वाटतो, आणि हे मला कोणी मुद्दाम शिकवले असे आठवत नाही. मंडळीच्या अर्पणाचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आले ते याच कारणाने. अशा गुणाचे ख्रिस्ती श्रद्धेत स्थान कोणते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे, आणि पवित्र शास्त्र त्याविषयी जे सांगते ते उपदेशांतून क्वचितच ऐकू येते.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला एका माणसाचे नाव घेऊन सांगतो, की मी याला माझ्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे. योसेफाविषयी फारोने त्याआधी तसे काहीसे उद्गार काढले होते हे खरे. परंतु देवाने स्वतः, नाव घेऊन, असे ज्याच्याविषयी प्रथम म्हटले तो संदेष्टा नव्हता, याजक नव्हता आणि राजाही नव्हता. तो यहूदा वंशातील बसालेल, सोने, रुपे आणि पितळ यांचे काम करणारा, रत्नांना पैलू पाडणारा, लाकडावर कोरीव काम करणारा कारागीर होता. त्याच्या जोडीला दान वंशातील अहलियाब नेमला गेला. निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेसाठी उभारायच्या तंबूचे, पडदे, खांबांच्या उथळ्या, कोशाचे आच्छादन, दीपवृक्षाच्या फुलांच्या कळ्या, याजकांची वस्त्रे हे सारे या माणसांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर कुशल स्त्रीपुरुषांच्या हातून व्हायचे होते. स्त्रियांचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. ३५व्या अध्यायात सूत कातणाऱ्या कुशल स्त्रियांविषयी स्पष्ट लिहिलेले आहे. बोटांतले कसब, नजरेतले माप, धातू किती तापवावा याची समज, या सर्वांना तेथे आत्म्याचे कार्य म्हटले आहे.

बसालेलाच्या नेमणुकीच्या ३१व्या अध्यायापुढचाच अध्याय सोन्याच्या वासराचा, म्हणजे लोकांनी पूजेसाठी घडवलेल्या मूर्तीचा, आहे. या दोन अध्यायांची ही जवळीक मला योगायोगाची वाटत नाही. डोंगरावर देव बसालेलाला नेमत असताना डोंगराच्या पायथ्याशी लोकांच्या कानांतली सोन्याची कुंडले गोळा होत आहेत, ती वितळवली जात आहेत, आणि अहरोन कोरणीने त्यांना आकार देत आहे. ज्या लोकांचे सोने पुढे निवासमंडपाला लागले त्याच लोकांचे हे सोने होते, आणि ओतकामाची व कोरण्याची विद्याही काही वेगळी नव्हती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मोशे जिभेचा जड होता. त्याने आपल्याला बोलता येत नाही म्हणून देवापुढे माघार घेतली, तेव्हा देवाने त्याला त्याचा भाऊ अहरोन दिला, कारण अहरोन चांगला बोलणारा होता. ज्याच्या वाणीची साक्ष खुद्द देवाने दिली होती, तोच अहरोन लोकांचा रेटा आला तेव्हा मोडला आणि त्याने वासरू घडवले. मुखजड मोशे मात्र त्या लोकांसाठी देवापुढे रदबदली करीत उभा राहिला. हे वाचल्यापासून कोणाच्याही उपजत गुणाकडे पाहताना मला त्याच्या तेजाने दिपून जाणे अशक्य झाले आहे. गुण जितका मोठा, तितका तो वासराच्याही कामी उत्तम येतो. तो देवाचा आहे असे तोंडाने म्हणणे सोपे असते. त्याच्यावरचा आपला हक्क प्रत्यक्ष सोडून देणे अवघड असते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सेवेची सुरुवात तेथूनच होते.

जन्मजात गुण वेगळे आणि आत्म्याची कृपादाने वेगळी, असा भेद मंडळीत बरेचदा आग्रहाने केला जातो. त्यामागील काळजी मला समजते: उत्तम गळ्याला कोणी अभिषेक समजू नये, सफाईदार भाषणाला कोणी प्रेरणा समजू नये. परंतु या भेदाची भिंत फार उंच केली की विश्वासणाऱ्याचे जीवन दुभंगते आणि आठवड्यातील सहा दिवसांची त्याची बुद्धी, मेहनत व कसब देवाशी संबंध नसलेली ठरते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले होते की कृपा निसर्गाला नष्ट करीत नाही, तर त्याला पूर्णत्वाला नेते. मला हे म्हणणे पटते. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना संदेश आणि शिक्षण यांच्या बरोबरीने दानधर्म, अधिकार चालवणे आणि दया करणे यांचीही नावे घेतो, आणि करिंथकरांस लिहिताना प्रेषित, संदेष्टे, शिक्षक व चमत्कार यांच्याच यादीत साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे यांना बसवतो. व्यवस्था पाहणे हे त्याच्या लेखी खालच्या पायरीचे काम असते, तर ते त्या यादीत आलेच नसते.

हिशेबाच्या गुणाविषयी शास्त्रात फारसे काही नसेल असे मला आरंभी वाटत असे. शोधू लागल्यावर जे सापडले ते अस्वस्थ करणारेही होते. येशूच्या बारा शिष्यांत पैशांची डबी यहूदा इस्कर्योताकडे असे, आणि तो तिच्यातून चोरी करी, असे योहान लिहितो. प्रभूच्या इतक्या निकट राहून, रोज त्याच्यासोबत चालून, हातातल्या कामात अप्रामाणिक राहता येते, ही गोष्ट खजिनदाराचे काम करणाऱ्या कोणाही ख्रिस्ती माणसाने वरचेवर आठवावी अशी आहे. तेथे उणेपणा कौशल्याचा नव्हता. डबी कोणाची आहे हा प्रश्नच यहूदाने मनातून काढून टाकला होता.

याच्या उलट बाजूला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आहे. यरुशलेमेतील मंडळी वाढत होती आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जात आहे अशी तक्रार उठली. ही तक्रार हलकी नव्हती. भाषेवरून पडलेली फूट नुकत्याच उभ्या राहिलेल्या मंडळीला मोडू शकली असती. प्रेषितांनी वाटणीच्या कामासाठी ७ माणसे निवडायला सांगितली, आणि त्यांची अट अशी होती की ती नावाजलेली, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत. पंगतीची व्यवस्था, कोणाला किती मिळाले याची नोंद, कोणी राहून गेले का याची चौकशी, या कामासाठी आत्म्याने पूर्ण माणसे हवी होती. त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि लगेच पुढच्या वचनात त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगतो की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. वाटणी नीट झाली नसती तर उपदेशालाही अडथळा आला असता, असा अर्थ मी त्यातून घेते.

पौलाने तर या बाबतीत जी दक्षता दाखवली ती आजच्या कोणत्याही हिशेबतपासनिसाला मान्य व्हावी. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. ती रक्कम त्याने एकट्याने हाताळली नाही. त्याने तीताला पाठवले, त्याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला, आणि पुन्हा तिसरा एक पारखलेला बंधू दिला. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो त्याचे कारणही देतो: या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, आणि जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही व्हावे. देव माझे मन जाणतो, मग कागद कशाला, असे म्हणणारी भाविक माणसे मी पाहिली आहेत. पौलाला देवाविषयी त्यांच्यापेक्षा कमी विश्वास होता असे मला वाटत नाही. त्याला ठाऊक होते की स्वच्छ हिशेब हा देणाऱ्या गरीब माणसाचा मान आहे. मासेदोनियातल्या त्या लोकांनी स्वतः दारिद्र्यात असताना आपल्या शक्तीपलीकडे दिले होते, आणि त्यांच्या दानाचा प्रत्येक कण जेथे पोहोचायचा तेथे पोहोचवणे ही त्यांच्याविषयीची प्रीतीच होती. माझ्यापुरते सांगायचे तर अर्पणाची रक्कम मोजताना आणि पुन्हा मोजताना मला हाच अध्याय आठवतो, आणि ते काम प्रार्थनेपासून वेगळे काढून ठेवावे असे वाटत नाही.

येथेच एक आग्रह मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. भाव शुद्ध असला की काम कसेही झाले तरी चालते, ही समजूत भक्तीची नाही. निवासमंडपाच्या मापांनी निर्गमाची पानेच्या पाने भरली आहेत. वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटतात, पण हातात करवत घेतलेल्या माणसाला तीच हवी असतात. लांबी किती, रुंदी किती, कड्या किती, आकड्या कोणत्या धातूच्या, हे सर्व ठरलेले आहे, आणि बसालेलाने ते तसेच केले. सरावाशिवाय गायलेले गीत, तयारीशिवाय दिलेला संदेश, अंदाजाने मांडलेला हिशेब यांना प्रभूच्या नावाने सवलत मागणे म्हणजे ज्यांच्यासाठी ते काम आहे त्यांचा अनादर करणे होय. उपजत गुण हा केवळ आरंभ असतो. त्याला शिक्षण, सराव आणि दुसऱ्याकडून दोष दाखवून घेण्याची तयारी यांची जोड द्यावी लागते, आणि ती जोड देणे हाही अर्पणाचाच भाग आहे.

मत्तयाच्या २५व्या अध्यायातील दासांचा दाखला या विषयावर नेहमीच सांगितला जातो, म्हणून त्यातल्या तीनच गोष्टींकडे लक्ष वेधते. पहिली अशी, की धनी आपल्या दासांना ५, २ आणि १ असे तालंत देतो ते ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. म्हणजे योग्यता आधीपासूनच दासांपाशी आहे, आणि तालंत हे त्या योग्यतेवर टाकलेला विश्वास आहे. एक तालंत हा सुमारे ६,००० दिनारांचा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती जवळजवळ वीस वर्षांची कमाई ठेवलेली होती. आपल्याला थोडेच मिळाले असे त्याला का वाटावे? दुसरी गोष्ट, पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धन्याने दिलेली शाबासकी शब्दशः एकच आहे. दोनवाल्याच्या वाक्यात एक अक्षर कमी नाही. तिसरी गोष्ट, आपला तालंत जमिनीत पुरून ठेवणारा तिसरा दास का हरला हे तोच सांगतो: आपण कठोर आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो. आळसाच्याही आधी त्याच्या मनात भीती होती, आणि भीतीच्याही आधी धन्याविषयीची एक चुकीची कल्पना. आपले गुण झाकून ठेवणाऱ्या किती तरी माणसांशी बोलताना मला हाच क्रम आढळला आहे. त्यांना आत्मविश्वास वाढवण्याच्या उपदेशाची गरज नसते. ज्याच्यासाठी काम करायचे आहे तो चुका शोधत बसलेला नाही, हे त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे असते.

यापो येथील टबीथा या शिष्येविषयी लूकाने फार थोडे लिहिले आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिचे एकही वाक्य शास्त्रात नोंदलेले नाही.

बुद्धीच्या अर्पणाचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंना विलक्षण स्मरणशक्ती आणि भाषांची जाण लाभली होती, आणि आईने लहानपणीच त्यांना संस्कृत शिकवल्यामुळे त्या गुणांना शिस्तही लाभली. दुष्काळात आईवडील गमावल्यानंतर भावासोबत पायी देश हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हे सर्व त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. विद्वत्तेच्या बळावर त्यांना सन्मानाचे आयुष्य सहज मिळाले असते. त्यांनी ती विद्या निराधार स्त्रियांच्या आणि मुलींच्या पायाशी नेऊन ठेवली, आणि उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासून संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर करायला घेतले. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या या विदुषीने त्या भाषांतरासाठी जाणूनबुजून साधी मराठी निवडली, कारण ते त्यांना शिक्षण नसलेल्या स्त्रियांच्या हाती द्यायचे होते. मला या निवडीपुढे थांबावेसे वाटते. पांडित्य असलेल्या माणसाला ते दाखवण्याचा मोह होतो, आणि पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना तर तो मोह पवित्र कारणाच्या नावाखाली सहज खपून गेला असता. ज्या गुणासाठी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, तो गुण त्यांनी असा वापरला की वाचणाऱ्या बाईला भाषांतर करणारीची विद्वत्ता जाणवू नये, केवळ वचन कळावे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी काम पूर्ण झाले होते, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. छापलेला तो ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही.

गुणावरचा हक्क सोडणे याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला अधिक कठीण वाटतो: देवाला कधी कधी आपला सर्वांत चांगला गुण नको असतो. स्कॉटिश धावपटू एरिक लिडल यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची शर्यत सोडली, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती, आणि मग ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले, ही कथा सर्वांना माहीत असते. पुढच्याच वर्षी, धावण्याच्या ऐन भरात, ते चीनमध्ये मिशनरी शिक्षक म्हणून गेले, हे तितके सांगितले जात नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेइश्येन येथील छावणीत ठेवले. तेथे ते मुलांना विज्ञान शिकवीत आणि त्यांचे खेळ चालवीत. रविवारी मुले खेळताना भांडू लागली तेव्हा, रविवार पाळण्यासाठी ऑलिंपिकची शर्यत सोडणारा हा माणूस, त्यांच्या रविवारच्या खेळात पंच म्हणून उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच छावणीत मेंदूतील गाठीने त्यांचा मृत्यू झाला. जगाने टाळ्या वाजवलेल्या त्यांच्या वेगाचा तेथे काही उपयोग नव्हता. खेळाची समज आणि मुलांविषयीची माया यांचा होता. माझी नजर मंदावेल, आकडे चुकू लागतील, किंवा हे काम माझ्यापेक्षा चांगले करणारे कोणी येईल, तेव्हा मला काय वाटेल, याचा विचार मी लिडल यांच्या या शेवटच्या काळाकडे पाहून करते. सेवा जर माझ्या गुणावर प्रेम करण्याचा एक मार्ग असेल, तर तो दिवस मला पराभवाचा वाटेल. ज्यांच्यासाठी ती करायची त्यांच्यावरचे प्रेम तिच्या मुळाशी असेल, तर त्या दिवशीही करण्यासारखे काही ना काही उरलेले असेल.

बसालेलाविषयी निर्गमात एक लहानसे वाक्य आहे, जे घाईत वाचताना निसटून जाते: देवाने त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याचीही बुद्धी दिली. कसब देऊन देव थांबला नाही. ते दुसऱ्याच्या हाती देण्याची इच्छाही त्याने दिली. नारायण वामन टिळकांच्या घरी हे वेगळ्या रीतीने घडले. टिळक ख्रिस्ती होण्याआधीपासून कवी होते. १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर त्यांनी नव्या भाषेची किंवा परक्या चालीची वाट धरली नाही, अंगातला अभंग आणि कीर्तनच त्यांनी ख्रिस्ताला वाहिले. ख्रिस्ताच्या चरित्रावरील त्यांचे महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा अगदी थोडे लिहून झाले होते. उरलेला फार मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, आणि पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहून रडल्या होत्या. एवढ्या मोठ्या कवीचे अपुरे काव्य हाती घेताना आपल्या योग्यतेचा प्रश्न त्यांना पडला नसेल असे नाही. तरी त्यांनी ते हाती घेतले आणि आपल्याला येत होत्या त्या ओव्यांत ते पुढे लिहीत गेल्या.